पंचनाम्याबाहेरचे रहिवासी

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेस शंभर किलोमीटरांच्या आतच, त्याच सातारा जिल्ह्याच्या हद्दीत, माण तालुक्यातील एखाद्या गावाच्या वाट्यास सबंध वर्षाचा मिळून पाचशे मिलिमीटर पाऊस येईल याचीही शाश्वती नसते. शेजारच्या सांगली जिल्ह्याची प्रकृती याहून फारशी निराळी नाही. पश्चिमेस शिराळा तालुक्यात वारणेच्या खोऱ्यातील चांदोलीचे निबिड अरण्य, मध्ये कृष्णाकाठची काळी कसदार जमीन, आणि पूर्वेस आटपाडी, जत, कवठे महांकाळ या तालुक्यांचे उघडे माळ असा हा मुलूख पावसाच्या उतरत्या भाजणीने मांडलेला आहे. इतक्या थोड्या अंतरात पावसाची इतकी विषमता असल्यामुळे येथे वन्य जीवांच्या अनेक स्वतंत्र वसाहती शेजारी शेजारी नांदत आल्या, आणि प्रत्येक वसाहतीने आपल्या वाट्याच्या पावसाशी हजारो वर्षे जुळवून घेत आपला जन्म, मीलन, स्थलांतर आणि निद्रा यांचे काळ ठरविले.

येथला शेतकरी पाऊस नक्षत्राने ओळखतो. रोहिणीचा पाऊस निराळा, मृगाचा निराळा, आर्द्रेचा निराळा. मघांचा पाऊस आणि हस्ताचा पाऊस यांत तर त्याच्या लेखी कामाचा, पिकाचा आणि आशेचाही फरक असतो. रानातल्या जीवांस पंचांग ठाऊक नाही, तरी त्यांचे सारे व्यवहार याच क्रमाने चालतात. मृगाच्या सरींनी जमीन भिजली की मखमलीसारखा तांबडाभडक मृगाचा किडा मातीवर येतो, पावश्याचा स्वर शिवारात घुमू लागतो, वाळवीला पंख फुटून ती संध्याकाळी दिव्यांभोवती गर्दी करते, आणि त्या वाळवीवर पाखरे, सरडे, बेडूक व कोळी यांचे पोषण होते. यातील एकाची वेळ चुकली म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्याची पंगत रिकामी राहते. म्हणून पर्जन्यमानाची वार्षिक सरासरी पाहून ‘यंदा पाऊस बरा झाला’ असा निर्वाळा देण्याची जी आपली रीत आहे, ती वन्य जीवांच्या बाबतीत फार फसवी ठरते. त्यांना पाऊस किती झाला याहूनही तो केव्हा आला, किती दिवस टिकला आणि मध्ये किती उघडीप राहिली, हे अधिक महत्त्वाचे असते. आणि गेल्या काही वर्षांत बिघडला आहे तो नेमका हाच क्रम.

या बिघाडाचे मूळ समजण्यास फार खोल शास्त्रात शिरावयास नको. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातील पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने चढले. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. त्यामुळे पाऊस पडावयाचाच झाला तर तो थोड्या वेळात फार पडतो, आणि पडावयाचा नसला तर तापलेल्या हवेने जमिनीतील ओलही लवकर शोषली जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग १९५० पासून तिपटीने वाढल्याचे दाखवून दिले, आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाढत्या चढउतारांशी जोडला.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तरी अलीकडच्या वर्षांची हकीकत बोलकी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले, जेथे धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. आणि त्याच दिवसांत त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहत होती. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव येथे डोंगर खचून माणसे गाडली गेली. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २०२५ साली मोसमी वारे मे महिन्यातच महाराष्ट्रात दाखल झाले, रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच शिवारे तुंबली, आणि त्यानंतर तेच वारे जूनच्या पूर्वार्धात जागच्या जागी अडखळून राहिले.

असा खोटा आरंभ माणसाला दुबार पेरणीच्या संकटात टाकतो, हे सर्वांस ठाऊक आहे. बेडकावर त्याची काय आपत्ती येते, हे मात्र क्वचितच कोणी लक्षात घेतो. कृष्णाकाठच्या शेतांतून राहणारा मोठा बेडूक एरवी मातकट हिरवा असतो. परंतु पहिला जोराचा पाऊस होऊन डबकी भरली की त्याचे नर अवघ्या काही तासांत लिंबासारखे पिवळेजर्द होतात, त्यांच्या गळ्याशी निळ्याभोर पिशव्या फुगतात, आणि रात्रभर डरावडराव करीत ते माद्यांना बोलावीत राहतात. हा सोहळा थोड्याच दिवसांचा. अंडी घातली जातात ती अशाच उथळ, तात्पुरत्या डबक्यांत, कारण मोठ्या तळ्यांत मासे असतात आणि मासे अंडी खाऊन टाकतात. या निवडीमागे एक गृहीत आहे: एकदा मृग बरसला की आर्द्रा त्याच्या पाठोपाठ येईल, डबके आटणार नाही, आणि त्या शेपटीवाल्या काळ्या पिलांना पाय फुटेपर्यंत पाणी पुरेल. मे महिन्यात भलताच पाऊस होऊन मग दोन आठवडे कडक ऊन पडले, तर डबक्याचे पाणी प्रथम कडेने मागे सरते, पिले मध्याच्या चिखलात दाटीने गोळा होतात, बगळे व कावळे त्यांच्यावर येतात, आणि उरलेली पिले तडे गेलेल्या मातीवर सुकून चिकटून राहतात. मादीच्या उदरातील वर्षाची पुंजी तोवर खर्च झालेली असते.

मोठा बेडूक निदान बहुसंख्य आणि सर्वसंचारी आहे. एका शिवारात हानी झाली तरी दुसऱ्या शिवारातून ती भरून निघते. कोयनेच्या भेकाची गोष्ट तशी नाही. कोयनेचे धरण आकारास येत होते त्याच सुमारास, १९६३ साली, पाटण तालुक्यातील हुंबरळी गावच्या परिसरातून या भेकाचे प्रथम शास्त्रीय वर्णन झाले. अंगावर पिवळट डाग मिरविणारा, तळहातावर सहज मावणारा हा जीव जगात सह्याद्रीच्या याच भागातील मोजक्या ठिकाणी राहतो, आणि आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत झालेली आहे. तो अंडी घालतो ती जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाने साचलेल्या लहानशा डबक्यांत. कातळावर माती नाही, तळाशी झरा नाही. वरून पडेल तेच पाणी. पाऊस संततधार असावा, पण डबके वाहून नेणारा नसावा. उघडीप असावी, पण डबके आटविणारी नसावी. इतक्या नाजूक मध्यावर ज्याचे जीवित उभे आहे, त्याला एका दिवसात सहाशे मिलिमीटर आणि पुढे पंधरवडाभर काहीच नाही, हा हिशेब कसा परवडावा?

हाच सडा आणि हाच प्रश्न कासच्या पठारावर फुलांच्या रूपाने दिसतो. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरांवर, सुमारे बाराशे मीटर उंचीवर असलेले हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा म्हणून जाहीर झाले, आणि तेव्हापासून भाद्रपदात तेथे माणसांची रीघ लागते. जांभ्या खडकावर बोटभर मातीचा थर, त्यात पावसाळ्यापुरते पाणी, आणि उरलेले आठ महिने रखरखाट, अशा ठिकाणी एखादे झाड मूळ धरू शकत नाही. म्हणूनच ज्यांना जन्म, फूल व बी हे सारे तीन-चार महिन्यांत उरकावयाचे आहे, अशा लहानग्या वनस्पतींना तेथे मोकळे राज्य मिळाले आहे. मातीत नत्र अपुरे म्हणून सीतेची आसवे हे निळेजांभळे फूल धारण करणारी वनस्पती पाण्यातील सूक्ष्म जीव पकडून खाते, दवबिंदू आपल्या चिकट केसांवर चिलटे धरते, आणि वायतुरा हा तर साताऱ्याचेच नाव शास्त्रीय नामात वागविणारा येथील खास रहिवासी. तेरडा, गेंद, कवला, सोनकी यांचे ताटवे एकामागून एक येतात. त्या क्रमात प्रत्येकाला काही दिवस पाऊस आणि काही दिवस ऊन लागते, कारण फुलास पाणी हवे तसे परागीभवनासाठी माशा-फुलपाखरांचे उडणेही हवे, आणि संततधारेत कीटक उडत नाहीत.

२०२३ सारख्या कोरड्या ऑगस्टमध्ये ही बोटभर माती सर्वांत आधी सुकते. उलट श्रावण-भाद्रपदात ऊन दिसलेच नाही तर कळ्या कुजतात, फुले उमलली तरी त्यांना पाहुणा मिळत नाही. वर्षायू वनस्पतीचा सारा वारसा म्हणजे त्या वर्षी मातीत पडलेले बी. एक हंगाम बुडाला तर मातीतील जुन्या बियांवर पुढचे वर्ष निभावते. हंगाम लागोपाठ बुडू लागले तर ही शिल्लक आटते, आणि पठार हिरवे दिसत राहिले तरी त्यातील जाती एकेक करून कमी होतात. पर्यटकाच्या डोळ्यांस हे दिसत नाही. सात वर्षांनी फुलणाऱ्या टोपली कारवीच्या बाबतीत तर ही जोखीम अधिकच आहे, कारण तिला सात वर्षांतून एकदाच संधी मिळते आणि त्या एका वर्षीचे ऋतुमान कसे असेल, यावर तिची पुढची पिढी अवलंबून असते.

फुलांवरून मधमाश्यांकडे येणे ओघानेच आले. महाबळेश्वरच्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहणारी आपली देशी सातेरी माशी डोंगरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. सातेरीचे वर्ष जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या बहरांवर उभे असते. फाल्गुन-चैत्रात जांभळाचा मोहोर भरात असताना गारपीट झाली म्हणजे मोहोर झडतो आणि वसाहतीची कमाई बुडते. पुढे पावसाळ्याचे चार महिने माशी फारशी बाहेर पडू शकत नाही, तेव्हा पोळ्यात साठविलेल्या मधावरच तिला दिवस काढावे लागतात. पाऊस मे महिन्यात सुरू होऊन कार्तिकापर्यंत रेंगाळला, तर चार महिन्यांसाठी केलेली बेगमी सहा महिने पुरवावयाची वेळ येते. पेटीतील माश्यांना मधपाळ साखरेचा पाक देऊन जगवितो. ढोलीतील माश्यांना कोण देणार? आणि जंगलातील वसाहत मेली म्हणजे केवळ मध बुडत नाही, तर ज्या झाडांचे फलन तिच्यामुळे होत होते, त्यांची फळे आणि त्या फळांवर जगणारी शेकरू, धनेश, वटवाघळे यांच्याही ताटात तूट पडते.

आता डोंगर उतरून कृष्णाकाठी येऊ. भिलवडी, औदुंबर आणि सांगली यांच्या दरम्यानच्या डोहांत मगरींचे वास्तव्य आहे, आणि नदीकाठच्या लोकांचे त्यांच्याशी भयाचे व सवयीचे असे दुहेरी नाते आहे. मगरीची मादी हिवाळा सरता सरता काठाच्या उंच, कोरड्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी पुरते. दोन महिन्यांनी, म्हणजे पावसाळा तोंडावर आला असता, पिलांचा आतून आवाज येऊ लागला की ती स्वतः माती उकरून त्यांना जबड्यात धरते आणि पाण्यात नेऊन सोडते. या अंड्यांतील गर्भ नर होणार की मादी, हे पितृबीजावर अवलंबून नसून घरट्यातील मातीच्या उष्णतेवर अवलंबून असते: साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर निपजतात, आणि उष्णता दीड-दोन अंशांनी कमी झाली तर सगळ्याच माद्या. सृष्टीने ज्या प्राण्यास इतक्या अल्प फरकावर वंशाचा समतोल सांभाळावयास लावले आहे, त्याच्या घरट्यावर उन्हाळ्याच्या लहरींचा काय परिणाम होईल, याची चिंता जगभरच्या अभ्यासकांना लागून राहिली आहे. त्यातच मे महिन्यात नदीचे पाणी वाढले, तर उबण्याच्या शेवटच्या टप्प्यातील अंडी मातीतच गुदमरतात. वाळूउपशाने काठ आधीच ढासळलेले. घरट्यासाठी सुरक्षित उंचवटा शोधावयाचा, तर तेथे उसाचा मळा आलेला.

टिटवीचीही तीच कहाणी. तिने अंडी नदीच्या पात्रात घातली तर पाऊस बेताचा, उंच बांधावर घातली तर पाऊस मोठा, असा ठोकताळा आपल्याकडे जुने शेतकरी मानीत आले. त्यात तथ्य किती हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी उघड्या जमिनीवर खड्यांसारखी दिसणारी चार अंडी घालणाऱ्या या पक्ष्याला अवेळी चढणाऱ्या पाण्यापासून पळविता येईल असे काहीच नसते, एवढे खरे.

२०१९ च्या महापुरात मगरी डोहांतून बाहेर पडून शेतांत व वस्त्यांत आल्या. सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्याच्या रायबाग तालुक्यात पुराने वेढलेल्या एका घराच्या कौलांवर चढून बसलेली मगर तर सबंध देशाने चित्रफितीत पाहिली. साप घराघरांतून निघाले, कारण त्यांची बिळे पाण्याखाली होती. सर्पमित्रांनी आणि वन खात्याच्या माणसांनी त्यांतील शक्य तितके सुरक्षित जागी सोडले. पूर ओसरल्यावर महसूल खात्याने रिवाजाप्रमाणे पंचनामे केले. पडलेली घरे, बुडालेला ऊस, वाहून गेलेली जनावरे यांची मोजदाद झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. ज्याचा संसार पाण्याने धुऊन नेला त्याला सरकारने हात देणे हे कर्तव्यच आहे. परंतु पंचनाम्याच्या कागदात रकाना असतो तो मालकीच्या वस्तूंचा. ज्यावर कोणाचा सातबारा नाही, ज्याच्यासाठी कोणी अर्ज करीत नाही, अशा जीवांच्या हानीस सरकारी दप्तरात जागाच नाही. साळिंदर, उदमांजर, घोरपड, कासव यांपैकी त्या पंधरा दिवसांत नदीकाठच्या पट्ट्यातून किती नाहीसे झाले, हे आता कोणालाही कधीच सांगता येणार नाही. दुष्काळाची तऱ्हाही तीच. खरिपाची आणेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळ जाहीर होत असे. गवताची आणेवारी कोणी काढीत नाही, आणि माणदेशातील रानाचे सारे जीवन तर गवतावरच उभे आहे.

माणदेशाच्या माळाचे महत्त्व सांगण्यास व्यंकटेश माडगूळकरांहून मोठा साक्षीदार नाही. आटपाडी तालुक्यातील माडगुळे गावी जन्मलेल्या या लेखकाच्या ‘बनगरवाडी’त अखेर दुष्काळाने सबंध वस्ती उठून जाते; माणूस मेंढरे घेऊन पाण्याच्या मुलखात जाऊ शकतो, ही गोष्ट त्या कादंबरीतील करुणेला एक तरी वाट ठेवते. चिंकारा आणि लांडगा यांना पूर्वी अशीच वाट होती; माळामागून माळ लागत गेलेले असल्याने एका ठिकाणचे गवत व पाणी संपले की ते पुढे सरकत. आज त्या माळांचे तुकडे झाले आहेत. मध्ये रस्ते आहेत, कुंपणे आहेत, उपसा सिंचनाच्या पाण्यावर उभे राहिलेले ऊस व द्राक्षांचे मळे आहेत. पाण्यासाठी तीन पिढ्या तळमळलेल्या लोकांच्या शेतात पाणी आले, याचा आनंद कोणास होणार नाही? तथापि त्याबरोबरच माळावरचा प्राणी कोंडला गेला, हेही पाहावयास हवे. आटपाडी येथील माळ संवर्धन राखीव म्हणून घोषित झाला, हे त्या दृष्टीने योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे.

लांडग्याची मादी हिवाळ्याच्या सुमारास ओघळीच्या काठी बीळ करून त्यात पिले घालते, कारण येथला हिवाळा हजारो वर्षे कोरडा राहत आला. २०२१ च्या डिसेंबरच्या आरंभी अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला, आणि पश्चिम महाराष्ट्रात उघड्यावर बसलेल्या मेंढपाळांची शेकडो मेंढरे एका रात्रीत आखडून मेली. लोकर अंगावर असलेल्या मेंढराची ही गत, तर ज्यांचे डोळेही उघडले नाहीत अशा पिलांची ओल्या बिळात काय होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

खटाव तालुक्यातील मायणी आणि येरळवाडी येथील तलावांवर थंडीत उतरणारे रोहित पक्षी हे या कोरड्या मुलखाचे मोठे वैभव. मायणीचा तलाव ब्रिटिश अमदानीतला. रोहित पक्षी चोच उलटी करून पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म शेवाळे व कीटक टिपतो, त्यामुळे त्याला गुडघाभर पाण्याचा विस्तीर्ण उथळ काठ लागतो. दुष्काळी वर्षी तलाव कोरडा ठणठणीत पडतो आणि पक्ष्यांस उतरावयास जागा राहत नाही. अतिवृष्टीच्या वर्षी तो काठोकाठ भरतो, लोक समाधान पावतात, आणि पक्षी खोल पाण्यावरून घिरट्या घालून दुसरीकडे निघून जातात. दोन्ही टोकांची वर्षे वाढली आणि मधली कमी झाली, म्हणजे त्यांच्या वाट्यास हे तलाव दुर्मिळच होत जाणार.

पश्चिमेच्या अरण्यात, जेथे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेथे परिस्थिती पुष्कळ बरी आहे. घनदाट छाया आणि सलगता हीच हवामानाच्या धक्क्यावरची उत्तम ढाल. उन्हाळा लांबून गवताळ उतारांवर वणवे पेटणे ही तेथील मुख्य भीती, आणि त्यासाठी वन खाते जाळरेषा काढते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणी पाहण्याची जी प्रथा आहे, तिच्यावरही अवकाळी पावसाची छाया पडली आहे. वैशाखात जागोजागी पाणी साचले तर गवे, सांबर पाणवठ्यावर येतच नाहीत आणि त्या रात्रीच्या नोंदी मागील वर्षांशी ताडून पाहता येत नाहीत.

हवा तापत चालली म्हणून तापविणारे इंधन कमी जाळावे, हा उपाय सर्वमान्य आहे, आणि त्याचा एक भाग सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी व वनकुसवडे यांच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रूपाने केव्हाच उभा राहिला. तेथे एक विलक्षण सरडा राहतो. उन्हाळ्यात त्याचा नर दगडावर चढून गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उलगडतो, आणि तिच्यावरचे निळे, काळे व नारिंगी रंग माद्यांस आणि प्रतिस्पर्ध्यांस दाखवितो. सरडा सुपर्बा या नावाने २०१६ साली याच पठारावरून त्याचे वर्णन झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पात्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. शत्रू कमी झाल्याने सरड्यांची संख्या वाढली. संख्या वाढल्याने अन्न पुरेना, ते रोडावले, त्यांच्या गळ्याचे रंग फिके पडले, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. घारी-ससाण्यांची एक कडी सैल झाली आणि तिचा परिणाम जमिनीवरच्या सरड्याच्या रंगापर्यंत पोहोचला. यावरून पवनचक्क्या नकोत असे मी म्हणणार नाही. कोळसा जाळण्याची किंमत त्याच सरड्याला उद्या अधिक द्यावी लागेल. पण जांभ्याचे सडे हे ‘पडीक’ या सदरात घालून वाटेल त्या कामास देण्याची आपली जी जुनी महसुली दृष्टी आहे, ती आता सोडावयास हवी. डोंगरउतारावरचा प्राणी तापमान वाढले तर काही काळ वर सरकू शकतो. सड्यावरचा जीव आधीच माथ्यावर आहे. त्याच्या वर केवळ आकाश आहे, आणि दुसरा सडा मध्ये दरी टाकून पलीकडे.

जेव्हा प्रश्न काळाच्या चुकण्याचा आहे, तेव्हा काळाची नोंद ठेवणे हे पहिले काम. सुदैवाने त्यासाठी नवा कायदा नको. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीस जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. अशा नोंदवहीत गावातील झाडे, पाखरे, जनावरे यांची नावे येतात. त्या नावांपुढे तारखांचा एक रकाना घालावा आणि तो दरसाल भरावा, एवढीच मागणी आहे. शाळेतील मुले, मेंढपाळ, मधपाळ, वनरक्षक, कृष्णेत जाळे टाकणारे भोई ही माणसे यातील बहुतेक गोष्टी रोज पाहतातच. हुंबरळीच्या सड्यावर पहिले डबके केव्हा भरले आणि केव्हा आटले. मांघरला जांभूळ केव्हा मोहोरले आणि गार केव्हा पडली. औदुंबरच्या डोहापाशी मगरीची पिले केव्हा दिसली. मायणीला रोहित केव्हा उतरले, किती दिवस राहिले आणि पाणी तेव्हा किती खोल होते. गावच्या पाणलोटाचा आराखडा, धरणातून पाणी सोडण्याचा काळ, पवनचक्कीची जागा, वाळूचा लिलाव हे सारे निर्णय घेण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने ही वही मागवून पाहावी, असा एक शासकीय आदेश निघाला, तर येत्या मृगापासून कामाला सुरुवात करता येईल.